आधी कळवलं होतं का?

सकाळी साडेसहा

जिनिव्हात साडेसहा वाजतात तेव्हा साताऱ्यात दहा वाजलेले असतात. बाबांचा पेपर वाचून झालेला असतो आणि त्यातली एखादी बातमी मनात घोळत असते. आजचा विषय सिंधूच्या पाण्याचा. "तुमच्या कायद्यात ते बसतं की नाही, तेवढं सांग. लांबण लावू नकोस."

बाबा तहसील कचेरीतून निवृत्त झाले. मामलेदार कोर्ट कायद्याखालचे दावे बघण्यात त्यांची हयात गेली. कुणी वहिवाटीचा रस्ता नांगरला, कुणी ओढ्याचं पाणी अडवलं. 'त्याने आधी माझा बांध कोरला म्हणून मी त्याचं पाणी तोडलं' असं सांगत कुणी आला, की बाबा आधी विचारायचे, "त्याला कळवलं होतंस का?" माझ्या कामातला निम्मा भाग हाच प्रश्न विचारण्याचा आहे. गावात निदान तहसीलदार तरी असतो. देशांच्या भांडणात वर कुणी बसलेलं नसतं. समोरच्याने करार मोडला तर आपणही त्याच्याबाबतीतलं एखादं बंधन तात्पुरतं बाजूला ठेवून त्याला ताळ्यावर आणायचं, एवढाच शांततेचा मार्ग पुष्कळदा उरतो. त्याला प्रतिउपाय म्हणतात. तो कधी, कसा आणि कुठवर करायचा याचे नियम जिनिव्हात लिहिले गेले.

बाबांना सांगितलं ते असं. १९६० च्या सिंधू जलकरारात कुणा एका बाजूने बाहेर पडायची सोय नाही. दोघांनी मिळून नवा करार करेपर्यंत तो लागू राहतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ ला, पाकिस्तान सीमेपलीकडच्या दहशतवादाचा पाठिंबा खात्रीलायकपणे आणि कायमचा सोडत नाही तोवर करार स्थगित, असं भारताने जाहीर केलं. 'अमुक होईपर्यंत तमुक नाही' ही प्रतिउपायाची रीत आहे. पुढच्या पत्रव्यवहारात मात्र भर आला तो परिस्थिती मुळातून बदलल्याच्या कारणावर. माझ्या मते पहिला रस्ता जास्त भक्कम होता. डॅन्यूबवरच्या गाब्चिकोवो-नाग्यमारोस धरणाच्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने १९९७ साली 'परिस्थिती बदलली' ही हंगेरीची सबब मान्य केली नाही, आणि सहसा ती कुठेच टिकत नाही. प्रतिउपायात करार जिवंत राहतो आणि पाणी पुन्हा सोडता येतं. पण तो रस्ता धरला की उत्तरंही द्यावी लागतात. समोरच्या देशाचा गुन्हा पुराव्याने त्याच्या माथी लागतो का? त्याला तो थांबवायला सांगितलं होतं का? आपलं पाऊल झालेल्या इजेच्या प्रमाणात आहे का? ते मागे घेता येईल का? नदीकाठच्या माणसांच्या मूलभूत हक्कांना त्याने धक्का लागतो का?

"म्हणजे हो की नाही?" बाबांनी विचारलं.

"डॅन्यूबच्या खटल्यात दोन्ही बाजू चुकल्या होत्या, बाबा. हंगेरीने काम अर्धवट सोडलं, आणि त्याला उत्तर म्हणून चेकोस्लोव्हाकियाने जवळजवळ सगळी नदी आपल्याकडे वळवली. कोर्ट म्हणालं, हे प्रमाणात नाही."

पहलगामला मारले गेलेल्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्या घरांपुढे प्रमाणाची भाषा बोलणं किती अवघड आहे, हे बाबांना ठाऊक आहे आणि मलाही. तरी बोलावी लागतेच.

सकाळी सव्वाआठ

कॉर्नव्हॅन स्टेशनवरून पंधरा नंबरची ट्राम नासियोंच्या चौकात येऊन थांबते. चौकात तीन पायांची ती प्रचंड लाकडी खुर्ची, मागे झेंड्यांची रांग आणि पॅले दे नासियोंचं फाटक. बॅज, तपासणी, मग चढ. या आवारात मोर मोकळे फिरतात.

मी एका प्राध्यापकांची संशोधन सहायक आहे. ते आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य आहेत. आम्ही त्यांना सर म्हणतो. आयोगात चौतीस सदस्य असतात. संयुक्त राष्ट्रांची आमसभा त्यांना निवडते, पण तिथे ते आपल्या सरकारचे वकील म्हणून बसत नाहीत, स्वतःच्या अभ्यासाच्या जोरावर बसतात. निदान अपेक्षा तशी आहे. उन्हाळ्यात अधिवेशन असलं की आमचे दिवस लांबतात.

आज दुपारी तीनला सरांचं व्याख्यान आहे. १९६५ पासून आयोगाच्या अधिवेशनाबरोबर इथे तरुण कायदेपंडितांचा एक वर्ग भरतो. त्यांच्यापुढे सर प्रतिउपाय आणि स्वसंरक्षण यांच्या सीमारेषेवर बोलणार आहेत. टिपणं काढायचं काम माझं.

सकाळी नऊ

ग्रंथालय रॉकफेलरांच्या देणगीतून उभं राहिलं. १९२७ साली त्यांनी राष्ट्रसंघाला वीस लाख डॉलर दिले होते. राष्ट्रसंघ गेला, पण त्याची कागदपत्रं इथेच राहिली. १९३० साली हेगला भरलेल्या संहितीकरण परिषदेची इतिवृत्तं मी अधूनमधून काढून बघते. राज्यांच्या जबाबदारीचा विषय, म्हणजे देशाने नियम मोडला तर पुढे काय, हा तेव्हाही पटलावर होता, आणि परिषद महिनाभर चालूनही त्यावर करार झाला नाही. भांडण होतं परदेशी माणसांच्या मालमत्तेवरून. श्रीमंत देश म्हणत होते, आमच्या व्यापाऱ्याला तुमच्याकडे तोशीस लागली तर आमच्या मापाने भरपाई द्या. बाकीचे म्हणत होते, आमच्या माणसाला जो न्याय मिळतो तोच त्यालाही मिळेल.

विधी आयोगाने १९४९ साली विषय यादीत घेतला आणि पुढे क्युबाचे गार्सिया अमादोर यांच्याकडे सोपवला. त्यांनी सहा अहवाल लिहिले, पण गाडी त्याच जागी रुतली. वाट काढली ती इटलीच्या रोबेर्तो आगो यांनी, १९६३ नंतर. त्यांचं म्हणणं असं की देशाने काय करावं आणि काय करू नये, हे ठरवायला इतर कायदे आहेत. आपण एवढंच लिहू या की नियम मोडला असं केव्हा म्हणायचं, तो मोडल्याचं खापर कुणावर फोडायचं आणि त्यानंतर काय होणार. या एका विचारामुळे व्यापाऱ्याच्या मालमत्तेचं भांडण विषयाबाहेर गेलं आणि लिहिणं शक्य झालं. आगोंनंतर नेदरलँड्सचे रिपहाखेन, मग इटलीचेच अरांजियो-रुइझ, आणि १९९७ पासून ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड. २००१ च्या ऑगस्टमध्ये एकोणसाठ कलमं पुरी झाली; प्रतिउपायाचे नियम त्यांतच आहेत.

विषय यादीत आल्यापासून बावन्न वर्षं. इतका वेळ का लागला, असं विद्यार्थी विचारतात. वसाहती सुटत होत्या, सभासद देश तिपटीने वाढले होते, आणि जुने नियम ज्यांनी केले ते देश नव्या सभागृहात अल्पमतात होते. हा मजकूर पन्नासच्या दशकातच घाईने उरकला असता तर तो मूठभरांचा राहिला असता. तो सगळ्यांचा व्हायला वेळ द्यावाच लागला.

सकाळी दहा

आयोगाची खुली बैठक. दहाला सुरू होते आणि एकला दुभाष्यांची वेळ संपते म्हणून बंद होते. आजचा विषय वेगळाच आहे, तरी पहिल्या वक्त्याने दहा मिनिटांत राज्यांच्या जबाबदारीच्या कलमांचा आधार घेतलाच. इथे तसंच होतं. मी सरांच्या मागच्या रांगेत बसून कोण कुठलं कलम कशासाठी काढतो ते टिपते.

खुल्या बैठकीतला प्रत्येक शब्द इतिवृत्तात जातो. मसुदा समितीचं तसं नाही. तिथे माणसं मोकळेपणाने मागे सरकतात आणि दुसऱ्याचा शब्द उचलतात, म्हणून तिची इतिवृत्तं ठेवत नाहीत. शेवटी अध्यक्षांचं निवेदन तेवढं येतं. त्यामुळे एखादा शब्द कलमात कुणाच्या आग्रहाने आला, याचा माग पुष्कळदा लागत नाही.

सकाळी साडेअकरा

सरांची परवानगी घेऊन पुन्हा ग्रंथालयात. आजच्या व्याख्यानासाठी मला एक गोष्ट पक्की करून हवी आहे. १९९६ च्या, पहिल्या वाचनातल्या मसुद्यात होतं आणि २००१ ला उरलं नाही, असं नेमकं काय?

राज्यांचे गुन्हे हे कलम गेलं, त्याची चर्चा पुष्कळ झाली. माझं लक्ष दुसरीकडे आहे. १९९६ च्या मसुद्यात प्रतिउपायाला एक कुलूप जोडलेलं होतं. ज्याच्यावर प्रतिउपाय केला त्या देशाला समोरच्याला लवादापुढे खेचता यायचं, आणि समोरच्याला नाही म्हणता यायचं नाही. स्वतःच न्यायाधीश व्हायचं असेल तर नंतर खऱ्या न्यायाधीशापुढे उभं राहायची तयारी ठेव, असा त्याचा अर्थ. अरांजियो-रुइझ याहूनही कडक व्यवस्था मागत होते. ती मिळत नाही म्हटल्यावर त्या वर्षी त्यांनी हे काम सोडलं.

दुसऱ्या वाचनात तो सगळा भाग निघाला. कारण व्यवहारी होतं: कलमांचा करार होणार की नाही हेच ठरलेलं नव्हतं, आणि करार नसेल तर सक्तीचा लवाद बांधायचा कशाला? शिवाय अशी सक्ती बहुतेक सरकारांना नकोच होती. त्या जागी उरलं कलम ५२. आधी समोरच्याला चूक सुधारायला सांगा. मग प्रतिउपाय करणार असल्याचं कळवा आणि बोलणी करायची तयारी दाखवा. समोरच्याने चूक थांबवली असेल आणि वाद न्यायालयापुढे असेल तर हात आवरा. याला एक अपवाद ठेवला: तातडीची गरज असेल तर न कळवताही काही पावलं उचलता येतात, कारण बँकेतला पैसा नोटीस पोचेपर्यंत दुसऱ्या देशात गेलेला असतो.

लवाद जाऊन नोटीस उरली, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पण जे उरलं ते फुटकळ मानायला मी तयार नाही. नोटीस द्यायची म्हणजे आरोप कागदावर मांडायचा: कुठला नियम, तो कधी मोडला, पुरावा काय, आणि समोरच्याने काय केलं म्हणजे आम्ही थांबू. एकदा हे लिहिलं की पुढे ते बदलणं कठीण जातं. लहान देशाला दुसऱ्या दिवशी जगापुढे दाखवायला काहीतरी हातात मिळतं.

दुपारी एक

कॅमेरूनची सहकारी आणि मी खाली कॅफेत. तिचं मत माझ्या उलट आहे. प्रतिउपायांना कलमांत जागाच द्यायला नको होती, असं ती म्हणते, आणि तिच्यासारखं म्हणणारी सरकारं तेव्हाही पुष्कळ होती. तिने आज अँटिग्वाचं उदाहरण काढलं. ऑनलाइन जुगाराच्या वादात हा चिमुकला देश जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध जिंकला, आणि २००७ साली लवादाने त्याच्या प्रतिउपायांची मर्यादा वर्षाला दोन कोटी दहा लाख डॉलर ठरवली. "करणार काय? अमेरिकेचा माल अडवला तर महागाई अँटिग्वात होणार. ज्याच्याकडे बाजार आहे त्याच्याच हातात हे हत्यार चालतं."

हे खरंच आहे, आणि त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी तिला नाउलिलाची आठवण करून दिली. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये अंगोलाच्या सीमेवरच्या नाउलिला चौकीत गैरसमजातून काही जर्मन मारले गेले. बदला म्हणून जर्मन सैन्याने पोर्तुगीजांच्या चौक्या उद्ध्वस्त केल्या. १९२८ च्या निवाड्यात लवादाने जर्मनीला दोषी धरलं: मूळ घटनेत बेकायदा कृत्यच नव्हतं, आधी मागणी केली नव्हती आणि उत्तर प्रमाणाबाहेर होतं. बलवान देश बदला घेणारच आहे. नियम असला तर निदान त्याला तो मोडल्याचं दाखवता येतं.

"आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं झालं त्या अंगोलाच्या लोकांना काय मिळालं?" तिने विचारलं.

निवाडा जर्मनी आणि पोर्तुगाल यांच्यातला होता. अंगोलाच्या लोकांना त्यात जागा नव्हती. मी तसंच सांगितलं.

दुपारी तीन

वर्गात वीस-पंचवीस जण आहेत आणि प्रत्येक जण वेगळ्या देशातला. सरांनी व्याख्यान दिलंच नाही. माझ्याकडून एक पानाची हकीकत वाटून घेतली आणि वर्गाचे दोन गट केले. हकीकत 'गंगा' विमानाची.

३० जानेवारी १९७१. श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान दोघांनी पळवून लाहोरला नेलं. प्रवासी सुखरूप परतले. अपहरण करणाऱ्यांना तिथे आसरा मिळाला आणि २ फेब्रुवारीला विमान विमानतळावरच जाळून टाकलं गेलं. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते आणि मध्ये अख्खा भारत. पश्चिमेकडून ढाक्याला जाणारी विमानं श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली.

एका गटाने भारताची बाजू घेतली, दुसऱ्याने पाकिस्तानची. पेरूच्या मुलीने पहिल्याच वाक्यात विचारलं, विमान जाळणं हे पाकिस्तान सरकारचं कृत्य कसं? खाजगी माणसाचं कृत्य देशाच्या माथी मारायचं तर सरकारने त्याला सूचना दिल्या होत्या किंवा त्याच्यावर ताबा ठेवला होता, हे दाखवावं लागतं. कलम ८ तेच सांगतं. केनियाचा मुलगा म्हणाला, कृत्य राहू दे, ते रोखायचं आणि गुन्हेगारांना पकडायचं कर्तव्य तर सरकारचंच होतं ना? त्याचा मुद्दा चांगला होता. विमानतळ लाहोरचा, पहारा तिथल्या पोलिसांचा. मग प्रमाणावर वाद झाला: एका विमानाच्या बदल्यात सगळं आकाश? कुणीतरी १९७८ चा अमेरिका-फ्रान्स लवाद काढला. पॅन ॲमच्या विमानातले प्रवासी पॅरिसला उतरू दिले नाहीत, म्हणून अमेरिकेने एअर फ्रान्सची लॉस एंजेलिसची फेरी रोखायचं ठरवलं, आणि लवादाने ते प्रमाणाबाहेर मानलं नाही. तिथे नुसती रुपये-आणे-पै जुळवलेली नाही; तत्त्वाचा प्रश्न किती मोठा आहे तेही बघितलं आहे.

सरांनी मध्येच विचारलं, "ढाक्याला जाणाऱ्या साध्या प्रवाशाचं काय?" वर्ग थांबला. प्रतिउपाय देशावर करायचा असतो, पण तो सोसतो माणूस. कलम ५० ने मूलभूत मानवी हक्कांना हात लावायला मनाई केली आहे. वळसा पडणं म्हणजे हक्क गेला असं नाही. पण औषधं अडवली तर?

पाकिस्तानने तक्रार नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेपुढे नेली. परिषदेला अधिकारच नाही, असं म्हणत भारत हेगला गेला आणि १८ ऑगस्ट १९७२ ला हरला. करार आम्ही स्थगित केला आहे एवढं म्हणून त्यातल्या न्यायव्यवस्थेतून सुटता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. निकालाच्या वेळी ढाका बांगलादेशाची राजधानी झालं होतं, पण तत्त्व उरलं. २०१७ साली सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारच्या विमानांना आकाश बंद केलं आणि त्याला प्रतिउपाय म्हटलं. २०२० साली हेगने त्यांना भारताच्याच खटल्याचा दाखला देऊन परिषदेपुढे परत पाठवलं. आपण हरलेला खटला आज लहान देशांच्या कामी येतो, याचं मला भारतीय म्हणून समाधान वाटतं.

शेवटी फिजीच्या मुलाने तो प्रश्न विचारला ज्यासाठी सरांनी हा सगळा घाट घातला होता. "समजा भारताने आकाश बंद करण्याऐवजी लाहोरच्या धावपट्टीवर बाँब टाकले असते, तर?"

प्रतिउपाय म्हणून ते कधीच चालत नाही. बळाचा वापर करायचा नाही, हे बंधन कुठल्याही प्रतिउपायाने बाजूला ठेवता येत नाही. कलम ५० चं पहिलंच उपकलम ते आहे. मग बाँब टाकणाऱ्या देशाला एकच दार उरतं, कलम २१: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला धरून केलेलं स्वसंरक्षण बेकायदा ठरत नाही. एका वाक्याचं कलम. त्यात पूर्वनोटीस, बोलणी, थांबायची अट यातलं काही नाही. हल्ला चालू असताना नोटिशीची अट घालणं शहाणपणाचं नाही, आणि स्वसंरक्षणाचे नियम सनदेत आहेत, ते आयोगाने पुन्हा लिहायचे नव्हते. आयोगाचा हा संयम मला बरोबर वाटतो. पण त्याचा परिणाम बघायला हवा. ज्या देशाला मारूनच बदला घ्यायचा आहे, तो आपल्या कृत्याला आता बदला म्हणूच शकत नाही. त्याला ते स्वसंरक्षणच म्हणावं लागतं.

संध्याकाळी साडेपाच

वर्ग पांगला. सरांनी जाताना सांगितलं, "हे शेवटचं सूत्र धरून दोन पानांचं टिपण कर. उद्या सकाळी दे."

सनदेचं कलम ५१ म्हणतं की स्वसंरक्षणात उचललेलं पाऊल ताबडतोब सुरक्षा परिषदेला कळवायचं. म्हणजे इथे नोटीस आहे, फक्त ती नंतर द्यायची आहे. ती पत्रं मी वाचत बसते. ८ जानेवारी २०२० ची दोन समोर ठेवली आहेत. ३ तारखेला अमेरिकेने बगदादमध्ये इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना मारलं. ८ तारखेला इराणने इराकमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. त्याच दिवशी दोघांनी परिषदेला पत्रं लिहिली आणि दोघांनीही कलम ५१ चा आधार घेतला. इराणच्या पत्रात प्रमाणबद्ध उत्तराची भाषा आहे आणि ज्या तळावरून हल्ला झाला तोच लक्ष्य केल्याचा दावा आहे. अमेरिकेच्या पत्रात आधीच्या काही महिन्यांतल्या हल्ल्यांची जंत्री आहे आणि पुढचे हल्ले रोखण्याची गरज सांगितली आहे. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली की दिसतं ते हे: घडून गेलेल्या गोष्टींचा हिशेब दोघांनी मांडला आहे, पण त्या घटकेला कुठला हल्ला परतवायचा होता, हे दोघांनाही नीट सांगता आलेलं नाही.

इथे मला आगोंचा आठवा अहवाल आठवतो. १९८० साली त्याच्या पुरवणीत त्यांनी स्वसंरक्षणावर लिहिलं. प्रमाण बघायचं ते मूळ हल्ल्याच्या आकाराशी ताडून नव्हे, असं ते म्हणतात. हल्ला थोपवायला आणि परतवायला किती बळ लागलं, ते मोजायचं. त्यांनी किती मारले आणि आपण किती, हा हिशेब बदल्याचा आहे. या एका कसोटीवर आजची कितीतरी पत्रं नापास होतील.

आपल्या घरचा दाखला टाळायचा नाही, म्हणून टिपणात गोवाही घेतला. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताची मांडणी अशी होती की गोवा भारताचीच भूमी आहे, आपल्याच भूमीवर आक्रमण कसलं? युद्ध थांबवून सैन्य मागे घ्या, असं म्हणणाऱ्या ठरावाला सात मतं पडली, विरोधात चार, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. गोवा मुक्त झाला हे न्याय्यच झालं, असं मी मनापासून मानते. साडेचारशे वर्षांची वसाहत बोलण्यांनी सुटत नव्हती. पण 'ती भूमी मूळची आमचीच' हा युक्तिवाद नंतर कुणाकुणाच्या तोंडी आला, तेही मला दिसतं. म्हणून टिपणात मी गोव्याची बाजू वसाहतीतून मुक्त होण्याच्या हक्कावर उभी केली. स्वसंरक्षणावर ती उभी करू नये.

रात्री साडेआठ

खोलीवर भात-आमटी, आणि टिपणाचं शेवटचं पान.

ही पत्रं महत्त्वाची का, हे सरांना निराळं सांगायला नको. निकाराग्वाच्या अमेरिकेविरुद्धच्या खटल्यात, १९८६ साली, हेगच्या न्यायालयाने म्हटलं की सुरक्षा परिषदेला कळवलं नसेल तर आपण स्वसंरक्षण करतो आहोत याची त्या देशाला स्वतःला खात्री होती का, हे बघताना ती गोष्ट ध्यानात घेता येते. इराणच्या तेलफलाटांवर अमेरिकेने १९८७ आणि १९८८ मध्ये हल्ले केले, तेव्हा परिषदेला पाठवलेली पत्रं न्यायालयाने २००३ च्या निकालात समोर ठेवून तपासली, आणि स्वसंरक्षणाचा दावा फेटाळला. लिहिलेलं पुढे अंगाशी येतं, ते असं.

मात्र न्यायालयापर्यंत पोचणारी प्रकरणं थोडी. बाकीची पत्रं परिषदेच्या कागदपत्रांत जाऊन पडतात. २००१ च्या ऑगस्टमध्ये कलमं पुरी झाली, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि १२ डिसेंबरला आमसभेने कलमांची फक्त नोंद घेतली, तेव्हा अफगाणिस्तानात लढाई चालू होती. त्यानंतर परदेशातल्या सशस्त्र गटांवर त्या देशाच्या संमतीशिवाय हल्ला करून कलम ५१ चं पत्र धाडण्याची रीत वाढत गेली. बहुतेक देश त्या पत्रांना उत्तर देत नाहीत. आणि आयोगानेच २०१८ साली रूढ कायद्यावरच्या निष्कर्षांत लिहून ठेवलं आहे की जिथे बोलायला हवं होतं आणि बोलता येत होतं तिथे देश दीर्घकाळ गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्यातून संमतीचा पुरावा निघू शकतो.

मेक्सिकोने हे ओळखलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला त्याने सुरक्षा परिषदेच्या सदस्यांची अनौपचारिक बैठक बोलावली ती याच विषयावर: पत्रांत काय असावं, ती सगळ्यांपर्यंत कधी पोचावीत आणि त्यावर चर्चा का होत नाही. माझं टिपण तिथून पुढे जातं. एकोणसाठ कलमांचा करार करायला परिषद बोलवावी, असं मला वाटत नाही. आज ती भरली तर प्रतिउपायाच्या अटी सर्वांत आधी कापल्या जातील, आणि न्यायालयांनी ही कलमं वापरून वापरून जे कमावलं आहे ते हातचं जाईल. पण कलम ५१ च्या पत्राला कलम ५२ च्या नोटिशीइतकाच मजकूर असला पाहिजे, असा आग्रह कुठल्याही करारावाचून धरता येतो. कुठला हल्ला, कधी, कुणी केला, त्या देशाशी त्याचा संबंध काय, तो अजून चालू आहे का, आणि काय झालं म्हणजे तुम्ही थांबणार. यातलं काही पत्रात नसेल तर बाकीच्या देशांनी उलट पत्र लिहून ते विचारावं. एक परिच्छेद पुरे. 'आम्हाला हे मान्य आहे असं समजू नये' एवढं जरी लिहिलं, तरी गप्प राहिल्याचा दोष राहत नाही. भारतानेही ते करावं. पुढे एखाद्या दिवशी आपल्याला असं पत्र लिहावं लागेल किंवा आपल्याविरुद्ध कुणी लिहील, तेव्हा आपण इतरांना काय विचारलं होतं ते बघितलं जाईल.

दहाला टिपण सरांना पाठवलं. वीस मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: शेवटच्या परिच्छेदाला उदाहरणं जोड, २०१४ नंतर सीरियाबाबत आलेली सगळी कलम ५१ ची पत्रं आणि त्यांना लेखी हरकत घेणाऱ्या देशांची पत्रं, दोन्ही एकाच तक्त्यात. मी पहिला रकाना देशाच्या नावाचा केला, दुसरा तारखेचा, आणि तिसऱ्यावर लिहिलं, 'कुठला हल्ला?'